पेन्सिलीतली झाडं

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. बांधकाम खात्यात ट्रेसर म्हणून लागलो, पुढे हुद्द्याचं नाव दोनदा बदललं, काम मात्र तेच राहिलं. साहेब जाड कागदावर नकाशा काढणार. त्यावर मी ट्रेसिंगचं निळसर, मेणचट कापड ताणून बसवणार, खडूच्या भुकटीनं ते पुसणार आणि खालची रेघ वर काळ्या शाईत उतरवणार. आपली एक रेघ घालायची नाही आणि साहेबांची एक सोडायची नाही. या कामात माझा हात चांगला होता. हे मलाच सांगावं लागतं, कारण सांगू शकणारे बाकी सगळे वारले.

नागपूरला ज्यांनी मला हे काम शिकवलं ते हेड ड्राफ्ट्समन लाकडी पट्टीनं बोटांवर मारत. त्यांचा धडा एकच होता. शाई म्हणजे हुकूम आणि पेन्सिल म्हणजे साहेबाचा विचार. साहेबाच्या विचाराशी ट्रेसरला कर्तव्य नाही. पहिल्याच आठवड्यात मी एका पुलाच्या नकाशावरची पेन्सिलची रेघ गिरवली, तर त्यांनी माझं कापड उचलून टरकन फाडलं. "उद्या साहेबानं कोपऱ्यात धोब्याचे कपडे लिहिले तर तेही उतरवशील का रे?" सगळं ऑफिस हसलं. पुढच्या नऊ वर्षांत मला पेन्सिल दिसेनाशी झाली. म्हणजे डोळ्याला दिसे, हाताला दिसत नसे.

मग राज्यं मोडून नवी जोडली गेली. नागपूरची राजधानी गेली, भोपाळची आली, आणि कोण मुंबई राज्यात, कोण मध्य प्रदेशात याच्या याद्या भिंतीवर लागल्या. माझं नाव भोपाळच्या यादीत होतं. आमचं ऑफिस टेबलं, रॅक, नकाशांच्या गुंडाळ्या आणि माणसं असं सरसकट उचलून भोपाळला आणलं. टेबलांना कोणी विचारलं नव्हतं. आम्हालाही नाही.

माझी बायको नागपूरच्या महाल भागातली. तिथं आमचं रोज भांडण होई. भाजीवरून होई, माझ्या आईवरून होई, काही नसलं तर हवेवरून होई. नळावर तिचा आवाज चढला की चार घरं कामं टाकून ऐकत. माझी आई म्हणायची, "हिला पगार देऊन भांडायला ठेवलंय का रे?" आई नागपूरलाच राहिली; भोपाळला आम्हा दोघांना टेकाडावर दोन खोल्यांचं नवं क्वार्टर मिळालं. भिंतींना चुन्याचा वास, खिडकीतून सारखा वारा, एका बाजूला रीव्याकडचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला रिकामं घर. मराठी बोलायला बाई नाही आणि हिंदीत भांडायचं तिला सुधरत नव्हतं. हळूहळू ती बोलेनाशी झाली. एके दिवशी वरणात मीठ नव्हतं. मी मुद्दाम कुरकुर केली. ती "बरं" म्हणाली, उठली आणि मिठाची वाटी आणून माझ्यापुढे ठेवली.

मी घाबरलो. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, टॉनिक लिहून दिलं. टॉनिक तिनं घेतलं. निमूट घेतलं, म्हणून तर मला जास्तच काळजी लागली.

आमचं ऑफिस एका जुन्या नवाबी कोठीत होतं. चार ठिकाणची माणसं त्यात कोंबलेली. आम्ही नागपूरचे, काही ग्वाल्हेर-इंदूरकडचे, काही रीव्याचे आणि काही भोपाळच्या जुन्या रियासतीचे. नोकऱ्यांचं एकत्रीकरण व्हायचं होतं. कोण कोणाच्या वर, कोण खाली, याची कच्ची यादी निघाली होती आणि पक्की यादी कधी निघेल ते देवालाही ठाऊक नव्हतं. तोवर प्रत्येकजण आपली खुर्ची धरून बसला होता. कोणी मोठ्यानं शिंकलं तरी ते यादीत आपल्या विरुद्ध जाईल की काय, अशी सगळ्यांना धास्ती.

माझ्या वाट्याला जे साहेब आले ते जुन्या रियासतीच्या नोकरीतले. साठीला टेकलेले, उंच, विटक्या अचकनीच्या खिशात दोन पेन्सिली आणि कानावर तिसरी. पेन त्यांच्याकडे कधी पाहिलं नाही. सही करायची झाली तर माझं मागत. नव्या राजधानीला साजेसं एक कॉलेज उभारायचं होतं, पुढे त्याचं विद्यापीठ होणार असं सगळे म्हणत, आणि त्याच्या आवाराचा नकाशा त्यांच्याकडे होता. जागा हबीबगंजच्या बाजूच्या माळावर. तेव्हा तिथं स्टेशन असून नसल्यासारखं होतं, आणि पुढे सगळा पळस, तेंदू आणि दगड.

एका शनिवारी ते म्हणाले, उद्या टेप घेऊन माळावर चला. मी चुळबुळलो. बायकोला दिवसभर घरात एकटं ठेवायला नको वाटत होतं. त्यांनी कारण विचारलं, मी अडखळत सांगितलं. ते म्हणाले, "तो उन्हें भी ले आइए मियाँ, ज़मीन सरकारी है, हवा तो नहीं."

माळाच्या मधोमध झाडांचा एक पुंजका होता. मोह होते, खिरण्या होत्या, दोन जुन्या चिंचा, सगळी मिळून एकोणीस झाडं. मध्ये एक कोरडी बावडी, तिला दगडी पायऱ्या. आम्ही टेप धरून उन्हात फिरत राहिलो आणि बायको मोठ्या चिंचेखाली जाऊन बसली. दोन तासांनी आम्ही परत आलो तेव्हा ती तशीच बसलेली होती, पण पदरात मोहाची फुलं गोळा केलेली. तिनं बरोबर आणलेले पेरू कापले. मीठ आणायचं काम माझ्याकडे होतं. ते घरीच राहिलं होतं.

"एवढं एक काम सांगितलं होतं," ती म्हणाली. "एक. तेही जमून नाही राहिलं तुम्हाला! माप घ्यायचा टेप बरा आठवते, चिमूटभर मीठ नाही आठवत. आता खा तसेच. साहेबांनाही तसेच द्या, तुमची लाज माझी थोडीच आहे!"

आवाज पार बावडीपलीकडे गेला. मला इतका आनंद झाला की मी चूक कबूलही केली नाही, नाहीतर भांडण तिथंच संपलं असतं. साहेबांना मराठी येत नव्हतं, पण भांडण कोणाला कळत नाही? ते हसत बिनमिठाचा पेरू खात होते. मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, की साहेब, चार महिन्यांत ही आज पहिल्यांदा ओरडली. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वर चिंचेकडे, आणि कानावरची पेन्सिल काढली.

"यहाँ कुछ नहीं बनेगा," ते म्हणाले. "सोच तो रहा था, आज पक्का हुआ."

त्यानंतर पाच-सहा रविवार आम्ही गेलो. साहेब सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला झाडांची सावली कुठवर येते ते पाहून शीटवर बारीक तुटक रेघांनी मांडत. एका बाजूला वाचनालय, दुसऱ्या बाजूला वसतिगृह, मधे ही राई. पायवाट त्यांनी सरळ नेली नाही. गुराख्यांनी आधीच पाडलेली, दगड चुकवत जाणारी वाट होती, तीच ठेवली. बावडीच्या पायऱ्या नीट करायच्या होत्या, बसण्यासाठी. मी एकदा विचारलं, की साहेब, एवढी मोक्याची जागा रिकामी सोडली तर वरचे विचारतील कशासाठी. ते म्हणाले, "मियाँ, लड़का गाँव छोड़कर आएगा। कमरे में चार होंगे। रोएगा कहाँ?" मग म्हणाले, की वर्गात ऐकलेलं समजायलाही कुठंतरी एकट्यानं बसावं लागतं. पण त्यांनी आधी रडण्याचंच सांगितलं, हे मी विसरलो नाही.

बायको तिथं काहीच करत नसे. नुसती बसे. घरात नुसत्या बसणाऱ्या बाईला लोक आळशी म्हणतात, झाडाखाली बसलेलीला कोणी काही म्हणत नाही. सोमवार ते शनिवार ती माझ्याशी त्या एका दिवसाच्या जिवावर भांडे. टॉनिकची बाटली फडताळात तशीच राहिली. मी साहेबांना मनातल्या मनात रोज नमस्कार करत होतो.

सगळी झाडं, सावल्या, ती पायवाट, हे त्यांनी पेन्सिलीत काढलं होतं. इमारती शाईत, बाकी पेन्सिलीत. इमारतींसाठी त्यांनी माझंच पेन घेतलं होतं. मी म्हणालो, झाडंही शाईत करून घ्यावीत का? ते म्हणाले, "छाँव को स्याही में कैसे बाँधूँ? अगले साल पेड़ बढ़ेगा, छाँव सरक जाएगी।" त्यांच्या रियासतीच्या ऑफिसात ट्रेसर असा कोणी नव्हताच. मिस्त्री येई, साहेबांच्या शेजारी उकिडवा बसून मूळ शीटच बघे, आणि शाई काय, पेन्सिल काय, बोटानं दाखवलं की काम होई. त्यांना ठाऊक नव्हतं की माझा हात पेन्सिलला आंधळा आहे. आणि मला सुचलं नाही सांगायचं.

मग कच्च्या यादीत त्यांचा हुद्दा कुठं बसवायचा याचा घोळ झाला. कोणीतरी ठरवलं, की त्यांचं वय झालंच आहे, तेव्हा न बसवलेलं बरं. आठवड्याच्या आत त्यांना निवृत्तीचा कागद मिळाला. जाताना त्यांनी ती शीट माझ्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. "सब इसमें है। जैसा है, वैसा उतार दीजिएगा।" मी म्हणालो, "जी."

जसं आहे तसं. यापेक्षा सोपा हुकूम मला नोकरीत मिळाला नाही.

चार दिवसांत कापड तयार हवं होतं. मी मान वर न करता बसलो. झाडं मला दिसत होती, का नाही दिसणार? पण नागपूरला झाडांची शीट नेहमी वेगळी निघे, बगीच्याचे अधिकारी ती काढत आणि शेवटी जोडत. मी धरून चाललो की इथंही निघेल. मनात एकदाही शंका आली नाही. प्रत्येक शाईची रेघ उतरली का ते मी तीनदा ताडून पाहिलं, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं घातली, आणि कापड गच्चीवर नेलं. तेव्हा निळे छापे उन्हात निघत. काचेच्या चौकटीत कापडाखाली कागद ठेवून उन्हात धरायचा, मग पाण्यात धुवून दोरीवर वाळत घालायचा. दोरीवर पाच छापे लटकले होते, निळ्यावर पांढऱ्या रेघा, एक डाग नाही. मी कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिलो, आपल्याच कामावर खूश होऊन.

महिनाभरानं नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्यांनी छापा पाहिला आणि वाचनालय नि वसतिगृहाच्या मध्ये बोट ठेवलं. इतकी जागा मोकळी कशी काय? मुलांच्या कवायतीला मैदान नाही, आणि इथं निळंच्या निळं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, की इथं मैदानाचा चौकोन घाला आणि सपाटीकरण असं लिहा.

मी म्हणालो, "साहेब, इथं झाडं आहेत."

"नक्शे में कहाँ हैं?"

मी धावत जाऊन मूळ शीट आणली. त्यांनी ती उजेडाकडे धरली. "ये तो पेन्सिल है।"

"जी."

"ट्रेसिंग में क्यों नहीं आया?"

"पेन्सिल थी, साहब."

ते हसले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बिलकुल सही किया आपने। नागपुर वाले क़ायदे के पक्के होते हैं।" आणि वर म्हणाले, की झाडं ठेवायचीच असतील तर तशी टिप्पणी सादर करा, बघू.

नोकरीत मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

मी टिप्पणी लिहायला बसलो. आमचे हेड ड्राफ्ट्समन ग्वाल्हेरचे मराठी, मनानं भले गृहस्थ, त्यांनी खांद्यावरून वाकून पाहिलं. "अहो नागपूरकर, हे कशाला लफडं करता? 'माझ्याकडून राहून गेलं' असं लिहाल तर यादीत सीधे त्या रीव्यावाल्या ट्रेसरच्या खाली जाल. बायकामुलंवाले माणूस तुम्ही." मला मूल नव्हतं, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी 'मी' हा शब्द खोडला. लिहिलं, की 'प्रस्तुत जागी वृक्ष असल्याचे निदर्शनास आले आहे.' कोणाच्या निदर्शनास, कोणामुळे राहिले, काही नाही. अशी टिप्पणी वाचून कोणाचं काळीज हलणार?

फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली. तेव्हा कोणी सही करायला तयार नव्हतं, झाड ठेवायलाही नाही आणि तोडायलाही नाही. पण तोडायच्या कागदावर सही आधीच झालेली होती, कारण मंजूर नकाशात झाडंच नव्हती. मी रोज डबा खाऊन झाला की फाइलच्या मागे जाई. या खोलीत म्हणत, त्या खोलीत गेली. त्या खोलीत म्हणत, साहेब दौऱ्यावर. पाच आठवड्यांनी ती माझ्याच टेबलावर परत आली. शेरा होता, की मूळ नकाशाकारांनी शाईत प्रमाणित केल्यास विचार करता येईल. मूळ नकाशाकार निवृत्त झाले होते आणि निवृत्त माणसाची सही चालत नाही, हे त्याच शेऱ्यात खाली लिहिलं होतं.

जुन्या साहेबांचं घर जुन्या शहरातल्या चौकापासून दहा मिनिटांवर. मी जाऊ शकलो असतो. काही झालं नसतं, पण निदान त्यांच्या तोंडावर सांगितलं असतं. दोनदा चौकापर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो. जाऊन काय सांगू? की तुम्ही 'जसं आहे तसं' म्हणालात आणि मी त्यातलं निम्मंच उतरवलं?

शेवटी मी चौकोन काढला. कापड पुन्हा मूळ शीटवर ताणलं, खालून ती एकोणीस वर्तुळं अंधुक दिसत होती, आणि त्यांच्यावरून मी शाईची रेघ ओढली. हात हलला नाही. माझा हात कधीच हलत नाही.

साहेब गेल्यावरही आम्ही दोघं रविवारी माळावर जात होतो, पण त्या पाच आठवड्यांत आणि चौकोन काढल्यावरही बायकोला मी काही सांगितलं नाही. आज पाहुणे येणार, आज पायात कळ, असं म्हणून रविवार टाळत होतो. ती चिडून म्हणाली, "तुम्हाला नाही यायचं तर नका येऊ, मला वाट ठाऊक आहे." मग मलाच जावं लागलं. मला वाटत होतं, सरकारी काम आहे, वर्षभर तरी झाडाला हात लागणार नाही.

दुरूनच आभाळ जास्त दिसलं. जवळ गेलो तर बुंधेच होते, ओले, पांढरट. चिंचेचा बुंधा एवढा मोठा, की दोन माणसं जेवायला बसतील. बावडीत दगडमाती ढकलून ती अर्धी बुजवली होती. चौकीदार बिडी ओढत बसला होता. मी काही विचारण्याआधीच भोपाळी वळणानं म्हणाला, "को खाँ, अब आ रिये हो? तीन दिन में साफ़ कर दिया सब।"

बायको बुंध्याजवळ उभी राहिली. बसली नाही. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "नकाशा तर तुम्हीच उतरवला नं? त्यात झाडं नव्हती काय?"

मला खरं सांगता आलं असतं. तिथं यादी नव्हती, साहेब नव्हते, रीव्यावाला नव्हता. माझी बायको होती आणि कापलेली झाडं होती.

मी म्हणालो, "साहेबांनी काढलीच नव्हती."

"आपल्या साहेबांनी?"

"हो. बोलले फार. कागदावर काही घातलं नाही."

ती वळली आणि चालायला लागली. घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. मला आशा होती, की रात्री तरी भांडेल, माझ्यावर नाही तर त्यांच्यावर तोंड टाकेल. तिनं पोळ्या केल्या, वाढलं, आवरलं. परत सगळं 'बरं'वर आलं.

पुढे दोन-तीन महिन्यांनी आम्ही दोघं बाजाराला गेलो तर चौकात जुने साहेब भेटले. हातात दुधाचं भांडं, अचकन तीच, खिशात पेन्सिली तशाच. त्यांना कोणी तरी सांगितलं असावं, किंवा ते जाऊन पाहून आले असावेत, मी आजही नक्की सांगू शकत नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं ते साधंच, राग नाही, काही नाही. मग बायकोकडे वळून म्हणाले, "कैसी हो, बेटी?"

बायकोनं मान फिरवली. पदर घट्ट ओढून ती पलीकडच्या दुकानात बांगड्या बघायला लागली. बांगड्यांची तिला कधी हौस नव्हती. साहेबांनी भांडं या हातातून त्या हातात घेतलं. मला म्हणाले, "नाराज हैं।" माझ्या जिभेवर सगळं होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, आणि मी दुधाच्या भांड्याकडे बघत उभा राहिलो. ते "ख़ुदा हाफ़िज़" म्हणून गेले. दुकानातून बाहेर येऊन बायको म्हणाली, "कोणत्या तोंडानं बेटी म्हणते हा माणूस?"

त्यानंतर ते मला दिसले नाहीत.

वर्षअखेरीस जुने नकाशे रेकॉर्डला जायचे होते. रेकॉर्डचा नियम असा, की शीट स्वच्छ हवी. पेन्सिलच्या खुणा पुसून द्याव्यात. हेड ड्राफ्ट्समननी ती शीट माझ्यापुढे ठेवली. "तुमचा हात हलका आहे, तुम्हीच करा." आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्यासाठीपण बरंच आहे." त्यांना खरंच माझं भलं हवं होतं.

मी रबर घेतलं. आधी सावल्या पुसल्या, दहाची, एकची, चारची. मग पायवाट. मग एकेक झाड. मोठ्या चिंचेखाली उर्दूत बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. ते मी आधीही पाहिलं होतं, पण मला उर्दू येत नाही, आणि पेन्सिलचं होतं म्हणून कधी विचारलंही नाही. आमचा चपराशी जुन्या शहरातला, त्याला बोलावून वाचायला सांगितलं. त्यानं कागदावर वाकून वाचलं, "यहाँ बैठती हैं।" मग मला म्हणाला, "कौन बैठती हैं, खाँ?"

मी म्हणालो, माहीत नाही.

तो गेल्यावर मी तेही पुसलं. तिरप्या उजेडात कागदावर खोलगट वर्तुळं दिसत होती, पण रेकॉर्ड रूममध्ये कागद कोणी तिरपा धरत नाही. संध्याकाळपर्यंत शीट कोरी झाली. बायकोला मी जे सांगितलं होतं ते आता खरं होतं. साहेबांनी झाडं काढलीच नव्हती.

घरी आलो तेव्हा ती दारातच उभी होती. माझ्या बाहीवर, कोटाच्या घडीत, कोपरापर्यंत रबराचा चुरा चिकटला होता. तिनं तो बोटांनी झटकायला सुरुवात केली. कितीतरी दिवसांनी ती माझ्या इतक्या जवळ उभी होती.

"आज खूपच खोडलं वाटते," ती म्हणाली. "कोणाचं?"

"जुन्या साहेबांचं."

"पाहा बरं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज माझ्यासाठी मऊ झाला होता. "चुका त्यांनी करायच्या आणि पुसत बसायचं तुम्ही."

तिनं दुसरी बाहीसुद्धा झटकली. मग हातपाय धुवायला पाणी दिलं, पान वाढलं. वरणात मीठ नव्हतं. मी काही न बोलता जेवलो.